इझाल्दाची अळणी बेबिंका

हे करुणाघना, हे बालरूपधरा, तुला गोठ्याची मोठी ओढ. कुठे गोकुळात गाईंच्या गळ्याला लागून वाढलास, कुठे परमुलखात गुरांच्या गव्हाणीत गवतावर निजलास. जगात राजवाडे थोडे का होते? पण तू दार शोधलेस ते साध्या माणसाचे. साध्या माणसाने ते कधी धावत येऊन उघडले, कधी कामाच्या घाईत उघडायचे विसरले. जे विसरले त्यांच्यावरही तू रुसला नाहीस. उंबऱ्याबाहेर उभा राहिलास, वाट पाहत राहिलास. तुझ्या त्या उभे राहण्याला आधी वंदन, आणि मग अशाच एका उंबऱ्याची कथा.

साष्टीत, साळ नदीच्या अलीकडे, ओझरवाडो नावाची वस्ती आहे. तिथे चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर दोन घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. एकाचा बाल्कांव, म्हणजे पुढची बसायची ओसरी, संपतो तिथे कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे लगेच दुसऱ्याचा बाल्कांव. संध्याकाळी दोन्ही घरची माणसे बाहेर येऊन बसली की गप्पांना आवाज चढवावा लागत नाही. पलीकडच्या घरात जासिंता राहते, आणि अलीकडच्या घरात आपल्या कथेची इझाल्दा बार्रेतो.

इझाल्दा कोणी मोठी बाई नव्हे. चर्चच्या गायनात तिचा आवाज मागच्या रांगेतला. लग्नाच्या झग्यांना मणी लावता लावता तिची नजर अधू झाली. नवरा कायतान आगबोटीवरून निवृत्त होऊन आला तेव्हापासून त्याच्या औषधांच्या वेळा तिला पाठ. आल्यागेल्याला जेवल्यावाचून सोडायची नाही, रस्त्याने जाणाऱ्या पाववाल्यालाही थांबवून चहा पाजायची. प्रेमाची कमतरता तिच्यात कधीच नव्हती. कमतरता असलीच तर एकच: कोणी कौतुक केले की तिला ते पुरत नसे. एकाने वाहवा म्हटले की दुसऱ्याच्या तोंडाकडे पाही.

आणि ओझरवाड्यावर इझाल्दाचे नाव होते ते तिच्या बेबिंकेमुळे. नारळाचा दाट रस, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा, वरून जायफळ. एक पळी ओतायची, भांड्यावर निखाऱ्यांचे झाकण ठेवायचे, थर लालसर झाला की तुपाचा हात फिरवायचा, आणि पुन्हा पळी. असे सात थर. घाई केली तर थर कच्चा, रेंगाळले तर करपला. या बेबिंकेला इझाल्दाचे नाव होते, पण तिचे थर लावणारा हात जासिंताचा होता. लग्न होऊन दोघी या वाटेवर आल्या तेव्हापासून दर नाताळाला असेच चाले. थर जासिंता बघायची, आणि बेबिंकेला लागते ते चिमूटभर मीठ घालण्याचे काम इझाल्दाचे. ज्या घरचा गोड पदार्थ, त्या घरच्या बाईने मीठ घालावे, हा दोघींचा जुना ठराव. जासिंता इझाल्दाच्या मुलीची, मार्लेटची, मादिन, म्हणजे धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनेच त्या तान्ह्या पोरीला हातावर धरले होते. म्हणून दोघी एकमेकींना कुमादर म्हणत, आणि ते नाते सख्ख्या बहिणींपेक्षा उणे नव्हते.

यंदा जूनमधल्या सांजांवच्या सणानंतर जासिंताचा नवरा मिंगेल गेला. दर वर्षी दोन्ही घरांचे कागदी तारे तोच बांधायचा. यंदा इझाल्दाच्या दारात कायतानने विकतचा तारा टांगला, आणि जासिंताचा बाल्कांव अंधारा राहिला.

श्रोतेहो, ओझरवाड्यावर एक रीत आहे. ज्या घरातून वर्षभरात माणूस गेले, त्या घरात त्या नाताळाला गोडाचे भांडे चुलीवर चढत नाही, आणि माणूस गेल्यापासून शेजाऱ्यांचे गोड येईपर्यंत घरच्या माणसाच्या जिभेला साखर लागत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी शेजारीपाजारी कोंसुआदाची थाळी पाठवतात, केक, नेवऱ्या, बोलीनी, बेबिंकेची फोड. त्या थाळीतून दुःखाच्या घरात पहिल्यांदा गोड जाते. पहिली थाळी जायची ती भिंतीला भिंत लागलेल्या घरातून. ती गेल्याशिवाय बाकीच्यांनी आपली थाळी उचलायची नाही. आणि कोणाची थाळी रिकामी परत करायची नाही. गोड नसेल तर बागेतली दोन लिंबे, मूठभर तांदूळ, काही तरी त्यात पडलेच पाहिजे. हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. इझाल्दालाही ठाऊक होते.

त्या वर्षी नाताळ सोमवारी आला होता. शनिवारी सकाळी इझाल्दाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. इंग्लंडहून मार्लेट आपल्या दोन मुलींना घेऊन आली होती, आणि मार्लेटची सासू दोना आल्बर्तिना मडगावहून दोन दिवस राहायला आली होती. आल्बर्तिनाबाई मोठ्या घरच्या, मोजके बोलणाऱ्या, पण जिभेच्या पारखी. त्यांच्या घरची बेबिंका पाद्री लोक नावाजत. इझाल्दाने आठवडाभर एकच ध्यास घेतला होता: या बाईने आपल्या बेबिंकेला चांगले म्हणावे.

मागच्या दाराने जासिंता आली. अंगावर काळा झगा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"बोलावलंस म्हणून आले गो. पण यंदा मी काय कामाची?"

"तू नसलीस तर मी कुठे जाऊ, कुमादरी?"

"बाजारात. तिथे ढिगाने मिळतात."

"आल्बर्तिनाबाईंना बाजारातली वाढू? त्यापेक्षा मला नदीत ढकल."

"ओहोटीच्या वेळी ढकलते. जास्त भिजणार नाहीस," जासिंता म्हणाली, आणि चुलीपाशी बसली. सहा महिन्यांत तिच्या तोंडून निघालेली ती पहिली थट्टा असेल. इझाल्दाच्या ते ध्यानात आले नाही. तिच्या मनात केकचा साचा घोळत होता.

रस तयार झाला. जासिंताने पळी बुडवली आणि थांबली. "मीठ?"

"मी घालते. तू निखारे बघ."

एवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. मुलींना पुळण दाखवायची होती, बेताळभाटीला जायचे ठरले होते. आल्बर्तिनाबाई टोपी घालून पुढच्या सीटवर बसून राहिल्या होत्या. मार्लेट धावत आत आली, पर्स घेतली, जासिंताच्या गालाला गाल लावला.

"मादिन, तुझा बेसांव घ्यायचा राहिला. आल्यावर घेते हां, पोरी गाडीत उकडतायत."

"जा बाय. आशीर्वाद कुठे पळून जात नाही."

इझाल्दाने पदरासारखा गुंडाळलेला एप्रन सोडला, आरशात केस सारखे केले, आणि गेली. मीठ डब्यातच राहिले.

पुळणीवर लाटा होत्या, मुलींची किलबिल होती, तळलेले बांगडे होते. बांगड्यावर लिंबू पिळताना इझाल्दाला एकदम आठवले. मीठ. मग तिने स्वतःचीच समजूत घातली: जासिंता काय आज पहिल्यांदा बेबिंका करते? पहिला थर चाखेल, अळणी लागली तर घालेल. आणि ती पुन्हा आल्बर्तिनाबाईंशी गोड बोलू लागली. जिच्या जिभेला यंदा साखर लागायची नाही, ती चाखेल कशी, हे त्या क्षणी इझाल्दाला सुचले नाही. रीत विसरली असे नव्हे हो, माणूस विसरली.

परत आली तेव्हा घर शांत होते. ओट्यावर स्वच्छ फडक्याखाली बेबिंका होती, भांडी घासून पालथी घातलेली होती, राख भरून नेलेली होती. जासिंता आपल्या घरी गेली होती. चुलीशेजारी तिच्यासाठी ठेवलेली भाताची ताटली तशीच झाकलेली होती.

संध्याकाळी बाल्कांवात चहा झाला. इझाल्दाने फोडी कापल्या. सातही थर सारख्या जाडीचे, वरचा थर तांब्याच्या भांड्यासारखा चकाकणारा. आल्बर्तिनाबाईंनी फोड उचलली, उजेडाकडे धरून पाहिली, तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिल्या.

"रूप फार देखणं आहे, इझाल्दाबाय," त्या म्हणाल्या. "पण मला अळणी लागते. की माझीच जीभ गेली?"

श्रोतेहो, इथे एक वाक्य पुरले असते. मीठ घालायचे माझ्याकडे होते, मी विसरले. पण कौतुकाची भुकेली बाई कौतुकाऐवजी उणे ऐकते तेव्हा तिच्या तोंडाला सर्वांत जवळचा आडोसा सापडतो. इझाल्दा हसली आणि मोठ्याने म्हणाली, "यंदा जासिंताने केलीय ना. नवरा गेल्यापासून तिच्या हातातलं मीठच गेलंय बघा."

मार्लेट जराशी हसली. आल्बर्तिनाबाई हसल्या नाहीत. कायतानने कप खाली ठेवला आणि तारा नीट लागला आहे की नाही हे पाहायला उठून गेला. आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, जासिंताच्या बाल्कांवात, झाडूचा आवाज चालला होता तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग मडगावच्या बाजारात खरेदी, मुलींना टोप्या, बाहुल्या, काचेचे गोळे. दुपारी घरात थाळ्या भरायचे काम. इझाल्दाने टेबलावर थाळ्या मांडल्या, प्रत्येकीवर क्रोशाचा रुमाल. पहिली थाळी जासिंताची, सगळ्यांत मोठी, तिने आधी भरली. पण आल्बर्तिनाबाई उन्हे उतरल्यावर मडगावला जाणार होत्या आणि त्यांच्या टोपलीत काय काय घालावे याची इझाल्दाला चिंता लागली होती. बेबिंकेने गेलेली अब्रू केकने भरून काढावी असा तिचा हिशेब. टोपलीत केक गेला, बोलीनी गेल्या. तरी टोपली तिला उणीच दिसे. मग तिने जासिंताच्या थाळीतल्या नेवऱ्या काढून टोपलीत घातल्या. मग बोलीनी. मग केकची फोड.

"मांय, ती मादिनची थाळी होती," मार्लेट म्हणाली.

"जासिंता घरचीच आहे गो. तिला मागाहून बघू."

घरचीच. किती मायेचा शब्द, आणि त्या दुपारी इझाल्दाने तो कसा वापरला ते पाहा. परक्याची टोपली वेळेवर भरली. घरचीची थाळी रिकामी होऊन फडताळात गेली.

सूर्य कलल्यावर सगळी वाड्यावरचे गोठे पाहायला निघाली. ओझरवाड्यावरची पोरे दर वर्षी पेंढ्याचे गोठे उभारतात, मातीची गुरे, कापसाची मेंढरे, मधोमध रिकामी गव्हाण. बाळाला ठेवायचे ते रात्रीच्या मिस्सेनंतर. कपेलाजवळच्या, म्हणजे वाड्यावरच्या छोट्या प्रार्थनाघराजवळच्या, गोठ्यात पोरांनी खरी कोंबडी बांधली होती आणि ती मेंढरांवर चढून बसली होती. मुली खिदळत होत्या. तिथेच रुझारीन भेटली, वाटेच्या टोकाला राहणारी, तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ.

"काय गो इझाल्दा, पाहुण्यांत बुडालीस वाटतं. तुझी थाळी कधी जायची जासिंताकडे?"

"का गं?"

"का गं काय विचारतेस? आमच्या सगळ्यांच्या थाळ्या दुपारपासून झाकून बसल्यात. माझ्या केकला मुंग्या लागायची वेळ आली. तुझी गेल्याशिवाय आम्ही कशा नेणार?" रुझारीनने आवाज जरा खाली आणला. "तिने टेबल मांडलंय बाहेर. पांढरं कापड घालून. चार वाजल्यापासून बसलीय. सहा महिने झाले, बाईच्या जिभेवर साखरेचा कण नाही. आज तरी पडू दे."

इझाल्दाच्या कानात पहिल्यांदा शिरले ते टेबल, आणि मग ते शेवटचे वाक्य. जिभेवर साखरेचा कण नाही. म्हणजे काल ती बेबिंका तिने चाखलीच नव्हती. सात थर तिने नुसत्या डोळ्यांनी आणि हाताने लावले. आपण मीठ घातले असेल या भरवशावर लावले. आणि आपण पुळणीवर बसून म्हणालो, चाखेल. आणि बाल्कांवात बसून काय म्हणालो.

  ती वळली आणि घराकडे चालू लागली, मुलींना हाक न मारता, आल्बर्तिनाबाईंसाठी न थांबता. लाज अशी चढली की वाटेवरच्या प्रत्येक ताऱ्याचा उजेड तोंडावर पडतो असे तिला वाटू लागले.

दुरून तिने पाहिले. अंधाऱ्या बाल्कांवात टेबल होते, त्यावर पांढरे कापड, कापडावर एकही थाळी नाही. एका कडेला परत पाठवायच्या थाळ्यांत घालायला पिवळी लिंबे रचून ठेवलेली. जासिंता उभी राहून कापडाची एक बाजू उचलत होती, घडी घालण्यासाठी. इझाल्दाला हाक मारवेना. ती आपल्या फाटकाकडे वळली.

फाटकाशी आल्बर्तिनाबाईंची गाडी उभी होती; टोपली मागच्या सीटवर ठेवलेली. तोवर बाकीची मंडळी मागोमाग आली. इझाल्दाने सर्वांसमोर गाडीचे दार उघडले, टोपलीचा रुमाल सोडला आणि नेवऱ्या काढू लागली.

"मांय, काय करतेस?" मार्लेट हळूच म्हणाली. "आल्बर्तिनाबाईंची आहे ती."

"नाही. ही जासिंताची आहे. मी तिच्या थाळीतून काढून घेतली." मग ती आल्बर्तिनाबाईंकडे वळली. मान वर होईना, पण बोलली. "बेबिंकेत मीठ मी घातलं नाही, दोना. घालते म्हणाले आणि तुमच्याबरोबर निघून आले. तिला चाखता येत नाही यंदा. तिचा हात काही बिघडलेला नाही. मी काल खोटं बोलले."

आल्बर्तिनाबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्यांनी हात पुढे करून केकही टोपलीतून काढला आणि इझाल्दाच्या हातात दिला.

"मग इथे काय उभ्या आहात?" त्या म्हणाल्या. "जा."

फडताळातली मोठी थाळी निघाली. नेवऱ्या, बोलीनी, केक पुन्हा जागेवर गेले. बेबिंकेची जागा रिकामी होती. इझाल्दा क्षणभर थांबली, मग कालचीच, उरलेली अळणी फोड तिने मधोमध ठेवली. कोणा मुलीच्या हाती थाळी दिली नाही. भिंतीवरून पुढे केली नाही. फाटकातून बाहेर पडून, वाटेने वळसा घालून, जासिंताच्या पायऱ्या चढून वर गेली. मागून मार्लेटही गेली.

जासिंताच्या हातात कापडाची घडी होती.  तिने ती पुन्हा उलगडली आणि टेबलावर घातली. इझाल्दाने त्यावर थाळी ठेवली.

"उशीर झाला, कुमादरी."

"गर्दी दिसत होती तुझी."

"गर्दी नव्हती गं. तुझी थाळी मी दुसऱ्याला दिली होती." इझाल्दाने थाळीवरचा रुमाल काढला. "काल मी बोलले ते... तू ऐकलंस का?"

"माझे कान काय मिंगेलबरोबर पुरले होते?"

 इझाल्दा मान खाली घालून उभी राहिली. जासिंता टेबलाशी बसली. नेवरीला तिने हात लावला नाही, केकला लावला नाही. बेबिंकेचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सहा महिन्यांतले ते पहिले गोड. डोळे मिटून तिने ते हळूहळू खाल्ले.

"मीठ नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मी पहिल्या थरापाशी बसून वाट बघितली. म्हटलं, घातलं असेल. तू घातलं नाहीस असं कधी झालं नव्हतं ना." तिने दुसरा तुकडा मोडला. "मिंगेलला अळणीच आवडायची. बिचारा तुझ्यादेखत बोलत नसे."

मार्लेट पुढे झाली आणि मादिनीसमोर गुडघे टेकून तिने हात जोडले. काल गाडीच्या हॉर्नने राहिलेला बेसांव आज मागितला. जासिंताने तिच्या मस्तकावर क्रूसाची खूण केली आणि पुटपुटली, "देव बरें करूं."

वाटेच्या टोकाला रुझारीन दिसली, डोक्यावर थाळी घेतलेली. तिच्यामागे आणखी दोघी. पहिली थाळी गेलेली त्यांनी पाहिली होती. थोड्याच वेळात पांढऱ्या कापडावर थाळीला थाळी लागली, आणि अंधाऱ्या बाल्कांवात माणसांचा आवाज भरला.

इझाल्दा निघाली तेव्हा जासिंताने तिची थाळी रिकामी करून आत नेली. ती बाहेर आली तेव्हा लिंबे तशीच टेबलावर होती. थाळीत होते मिठागरातले जाडे मीठ, चांगले ओंजळभर.

"हे घे," ती म्हणाली. "पुढच्या नाताळाला आधी हे घाल, मग कुठे भटकायचं ते भटक."

इझाल्दाने दोन्ही हातांनी थाळी धरली. लाज गेली नव्हती. ती इतक्या लवकर जाणारी नव्हती, आणि जाऊ नये असेच तिला वाटले. ते मीठ तिने चुलीशेजारच्या बरणीत वेगळे भरून ठेवले.

हे गव्हाणीत निजणाऱ्या दयाळा, इझाल्दाच्या चुलीवर तुझी नजर असो. तिचा हात उदार आहे, तो वेळेवर पोहोचता होवो. जासिंताच्या अंधाऱ्या बाल्कांवात पुढच्या वर्षी तारा लागो, तिच्या जिभेला गोड लागो, तिच्या बेसांवाखाली लेकीनाती सुखी असोत. त्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच राहो, आणि ती ओलांडून जाणारी पहिली थाळी कधी न अडो.